डॉक्टरांच्या संशोधनाची यादी कशी वाचायची: कोकणात नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

डेरवणला मेडिकल कॉलेज होतंच, आता अलिबाग, रत्नागिरी आणि ओरोसलाही सरकारी कॉलेजं आली. त्यामुळे जो प्रश्न पूर्वी मुंबई-पुण्यात शिकणाऱ्यांनाच पडायचा, तो आता आपल्याकडच्या पीजींना (एमडी-एमएस करणाऱ्यांना), इंटर्नना आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या मेडिकल ऑफिसरनाही पडतो. थीसिसचा गाईड कोणाला करू? अमुक मॅडम त्यांच्या स्टडीत ये म्हणतायत, जाऊ का? विचारलं की उत्तर ठरलेलं: "सरांचे दीडशे पेपर आहेत, डोळे झाकून जा."

डोळे उघडे ठेवून जायचं असेल तर काय करायचं, ते इथे क्रमाने सांगते. एक संध्याकाळ, एक वही आणि बऱ्यापैकी नेटवर्क एवढं पुरतं. पैसे लागत नाहीत. पावसाळ्यात लाईट कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून जे सापडेल ते लगेच सेव्ह करत चला.

माझं मत आधीच सांगून टाकते. यादीची लांबी हा त्यातला सगळ्यात कमी कामाचा आकडा आहे. तीन गोष्टी बघायच्या: हा माणूस कोणत्या प्रश्नाला चिकटून राहिला, प्रत्येक अभ्यासात त्याने स्वतः काय केलं, आणि एकदा त्याच्यासोबत काम केलेले लोक पुन्हा त्याच्याकडे आले का.

पायरी १: माणूस तोच आहे ना, याची खात्री

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि पुढचं सगळं चुकतं. पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या मोफत ऑनलाइन सूचीत लेखकाचं नाव आधी पूर्ण आडनाव, मग आद्याक्षरं, मध्ये टिंब नाही, असं शोधायचं असतं. आता 'सावंत एस' टाकून बघा. देशभरातले सगळे संजय, सुनीता, सचिन आणि स्वप्नील सावंत एका रांगेत उभे राहतात. त्यात सावंत हे इंग्रजीत कोणी व्ही घालून लिहितं, कोणी डब्ल्यू. राणे, परब, नाईक, कदम, जाधव यांची तीच तऱ्हा.

मधलं अक्षर मदत करतं, पण त्यावर विसंबू नका. आपल्याकडे ते वडिलांचं किंवा नवऱ्याचं असतं. लग्नानंतर नाव बदललेल्या डॉक्टर मॅडमचं काम त्यामुळे दोन वेगळ्या माणसांच्या नावावर पडल्यासारखं दिसतं. माहेरच्या नावाने केलेले पेपर कोणी मोजतच नाही आणि मग 'मॅडमचं फारसं काम नाही' असा शेरा मारून लोक मोकळे होतात. मॅडमना विचारा, पूर्वीचं नाव काय होतं. त्यात संकोच कसला?

घरातच सगळे डॉक्टर असले तर आणखी गंमत. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांचं सर्पदंशावरचं एक टिपण 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली आलं. त्यावरची लेखकांची नावं वाचा: बावस्कर एच. एस., बावस्कर पी. एच., बावस्कर पी. एच. ही छपाईची चूक नाही, आद्याक्षरं एकच असलेल्या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत. पबमेडमध्ये लेखकांच्या नावांखाली संस्थेचा पत्ता उघडता येतो आणि बऱ्याच नोंदींत पूर्ण नावही दिलेलं असतं. शंका आली की तिथे जायचं.

गावाच्या नावानेही शोध लावून बघा, पण जिल्हा, तालुका आणि गाव तिन्ही टाकून. डेरवणच्या पत्त्यात कोणी सावर्डे लिहितं, कोणी चिपळूण, कोणी थेट रत्नागिरी. सिंधुदुर्गचं इंग्रजी स्पेलिंग शेवटच्या 'ए'सकट आणि 'ए'शिवाय, दोन्ही चालतं.

या सगळ्यावर उपाय म्हणून प्रत्येक संशोधकाला स्वतःचा असा ऑर्किड क्रमांक निघाला, २०१२ साली. सोळा अंकी, फुकट, आणि नाव बदललं, नोकरी बदलली तरी तोच राहतो. ज्यांची माहिती काढताय त्यांचा असेल तर निम्मं काम झालं. तुमचा स्वतःचा नसेल तर पहिली केस रिपोर्ट पाठवण्याआधी काढा, आणि आपल्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग आजच एक ठरवून टाका. पुढे बदलायचं नाही.

पायरी २: तीन ठिकाणी शोध

पबमेड, गूगल स्कॉलर आणि ऑर्किड. तिन्हींत आकडे वेगळे येणार, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पबमेडची नोंद अमेरिकेची राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालय संस्था ठेवते. तिथे जर्नल निवडून घेतलेली असतात. गूगल स्कॉलर दिसेल ते उचलतं: परिषदेतले सारांश, थीसिस, एकाच पेपरच्या दोन-दोन प्रती. शिवाय तिथलं प्रोफाईल लेखक स्वतः बनवतो आणि नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याचे पेपरही त्यात आपोआप येऊन बसतात. कोणी मुद्दाम चोरले असं लगेच म्हणू नका. ऑर्किडवर जे आहे ते बहुतेक वेळा माणसाने स्वतः भरलेलं असतं, म्हणून अर्धवट असू शकतं.

पबमेडमध्ये नाही म्हणजे काम कमी दर्जाचं, असंही नाही. कम्युनिटी मेडिसिनमधली बरीच चांगली भारतीय जर्नल तिथे पूर्वी नव्हती किंवा आजही नाहीत. लेप्टोवरचा (लेप्टोस्पायरोसिस तापावरचा) गावपातळीवरचा एखादा नेटका सर्व्हे तुम्हाला स्कॉलरवरच सापडेल.

पायरी ३: यादीची वर्गवारी

वहीत रकाने पाडा: केस रिपोर्ट, संपादकाला पत्र, आढावा, निरीक्षणात्मक अभ्यास, क्लिनिकल ट्रायल. प्रत्येक पेपर कुठल्या तरी रकान्यात टाका. दीडशेपैकी नव्वद केस रिपोर्ट आणि पत्रं निघाली तर वाईट वाटून घेऊ नका, पण कळलेलं बरं. केस रिपोर्ट हे खरं काम आहे. मात्र ट्रायल चालवणं आणि केस लिहिणं यांत जमीन-अस्मानाचा फरक. ट्रायलला प्रोटोकॉल, नीतिमत्ता समिती, पैसा, माणसं, फॉलो-अप आणि वर्षानुवर्षांची चिकाटी लागते.

वर्गवारी झाली की पेपर वर्षांप्रमाणे लावा आणि वरून खाली वाचा. इथे खरी ओळख पटते. उदाहरणाला बावस्करच घेऊ, कारण कोकणातल्या कोकणात आणि सगळं छापील. लाल विंचवाच्या दंशाने माणसं, विशेषतः लहान मुलं दगावत होती. १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा पेपर आला तो विषाचा हृदयावर परिणाम होणार आहे हे आधी ओळखायचं कसं, त्याच्या लक्षणांवर. म्हणजे आधी निरीक्षण. १९८६ साली त्याच नियतकालिकात प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा वापर आला. म्हणजे उपचार. आणि २०११ साली 'बीएमजे' या दुसऱ्या ब्रिटिश नियतकालिकात रँडमाइज्ड ट्रायल, म्हणजे कोणाला कोणता उपचार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवून: नुसतं प्राझोसिन विरुद्ध प्राझोसिन अधिक विंचवाच्या विषावरचं प्रतिविष. रुग्ण ७०, दोन्ही गटांत ३५-३५. दहा तासांत पूर्ण बरे झालेले दोन्ही दिलेल्या गटात ३२, नुसत्या प्राझोसिनच्या गटात ८.

हा शेवटचा पेपर उघडून वरची ओळ नीट बघा. लेखक दोन, नवरा-बायको. रुग्णालय एक, महाडचं. बहुकेंद्री नाही, परदेशी भागीदार नाही. आणि ट्रायल 'ओपन लेबल', म्हणजे कोणाला काय दिलं ते डॉक्टरांना माहीत होतं. ही मर्यादा आहे आणि ती शीर्षकातच लिहिलेली आहे. पुढे तोच प्रश्न दुसऱ्या रुग्णालयांत, दुसऱ्या लोकांनी तपासला का, हे बघणं हे वाचणाऱ्याचं काम. पेपरखाली 'सायटेड बाय' असं दिसतं तिथे जा, पुद्दुचेरीत मुलांवर झालेली ट्रायल तुम्हाला सापडेल. एकट्या-दुकट्याचं काम टिकलं की नाही हे असंच कळतं.

सांगायचा मुद्दा: तीन दशकं एकच प्रश्न, आणि दर वेळी पुराव्याची पातळी एकेक इयत्ता वर. असा धागा ज्यांच्या यादीत दिसतो, त्यांच्या हाताखाली शिकायला मिळतं. जिथे एका वर्षी मधुमेह, पुढच्या वर्षी कानाचा पडदा, त्याच्या पुढच्या वर्षी कोविड आणि मग बालकुपोषण, तिथे चौकशी करा. कधी कधी तो माणूस संख्याशास्त्राचा जाणकार असतो आणि सगळे विभाग त्याच्याकडे धावतात. तसं असेल तर ठीकच.

पायरी ४: नावांचा क्रम आणि त्यामागचं काम

कोकणात जमीन घेताना आपण सात-बारावर किती नावं आहेत एवढं बघून थांबत नाही. हिस्सा कोणाचा किती, कसतो कोण आणि सही कोणाची लागणार, हे विचारतो. पेपरवरच्या नावांचंही तसंच करा.

वैद्यकीय पेपरमध्ये सर्वसाधारणपणे पहिलं नाव ज्याने प्रत्यक्ष राबून लिहिलं त्याचं, शेवटचं नाव ज्याच्या देखरेखीखाली काम झालं त्याचं. पत्रव्यवहाराचा लेखक वेगळा दाखवलेला असतो; प्रश्न विचारायचे तर त्याला. मधली नावं म्हणजे बाकी सगळे. आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संपादकांच्या समितीने लेखक कोणाला म्हणायचं याच्या चार अटी घातल्या आहेत आणि त्या चारही पूर्ण व्हाव्या लागतात: अभ्यासाच्या आखणीत, माहिती गोळा करण्यात किंवा विश्लेषणात भरीव वाटा, मसुदा लिहिणं किंवा त्यात मुद्देसूद सुधारणा, अंतिम मसुद्याला संमती, आणि पेपरमधल्या प्रत्येक गोष्टीची जबाबदारी घ्यायची तयारी. विभागप्रमुख आहेत म्हणून नाव, हे या यादीत बसत नाही. बसत नसलं तरी चालतं, हेही तुम्हाला लवकरच कळेल.

नव्या जर्नलमध्ये पेपरच्या शेवटी प्रत्येकाने काय केलं ते लिहिलेलं असतं. 'आराखडा', 'माहिती गोळा करणं', 'विश्लेषण', 'पहिला मसुदा', 'निधी मिळवणं' अशी चौदा कामांची एक प्रमाणित यादी आहे. ज्यांची माहिती काढताय त्यांच्या शेवटच्या पाच-सहा पेपरमध्ये त्यांच्या नावापुढे काय येतं ते टिपा. सगळीकडे नुसतं 'देखरेख' येत असेल तर गाईड म्हणून ते कदाचित उत्तम असतील, पण डेटा कसा साफ करायचा हे त्यांच्याकडून शिकायची अपेक्षा ठेवू नका.

मोठ्या ट्रायलमध्ये आणखी एक प्रकार असतो. २०२० साली आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, कोविड रुग्णांना प्लाझ्मा देऊन उपयोग होतो का हे तपासलं. प्लॅसिड ट्रायल नावाने ती ओळखली जाते. ३९ रुग्णालयं, ४६४ रुग्ण. निष्कर्ष: मृत्यू किंवा आजार गंभीर होणं त्याने टळलं नाही. अशा पेपरवर लेखक म्हणून मोजकी नावं आणि सोबत 'ट्रायल कोलॅबोरेटर्स' असा एक गट असतो. गटातली नावं पबमेडमध्ये वेगळ्या रकान्यात असतात. एखाद्या डॉक्टरने बायोडेटात असा पेपर आपला म्हणून लिहिला असेल, तर ते खोटं नाही. पण तो लेखक आहे की सहभागी केंद्राचा डॉक्टर, हे बघा. कामाचं मोल दोन्हीकडे आहे, काम वेगळं आहे.

पायरी ५: ट्रायलची नोंदणी उघडा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडिया, म्हणजे सीटीआरआय, जुलै २००७ मध्ये सुरू झाली. औषध नियंत्रकांच्या अखत्यारीतल्या ट्रायलना जून २००९ पासून नोंदणी सक्तीची झाली, आणि १ एप्रिल २०१८ पासून रजिस्ट्री फक्त अशाच ट्रायल घेते ज्यांत पहिला रुग्ण अजून घेतलेला नाही. त्याआधी लोक ट्रायल संपवून मग नोंदणी करत. तशा नोंदीवर 'रेट्रोस्पेक्टिव्हली' असा शिक्का दिसतो.

नोंदणी आधी का? कारण मग काय मोजणार, किती रुग्ण घेणार, हे आधीच जाहीर होतं. नंतर निकाल बघून गोलपोस्ट हलवता येत नाही.

साईटवर डॉक्टरांच्या नावाने किंवा आजाराच्या नावाने शोधा. एक नोंद उघडली की वरच्या बाजूला क्रमांक दिसतो: सीटीआरआय, मग वर्ष, महिना आणि सहा आकडे. क्रमांकातलं वर्ष-महिना वहीत लिहा. मग खाली या आणि 'पहिला रुग्ण घेतल्याची तारीख' शोधा. ती नोंदणीच्या आधीची आहे? खूण करा. अजून खाली 'प्रायमरी आउटकम' असतो, म्हणजे मुख्यतः काय मोजणार. तो शब्दशः उतरवून घ्या आणि छापलेल्या पेपरमधल्या मुख्य निकालाशी ताडून बघा. नोंदीत 'तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन' आणि पेपरमध्ये 'सहा आठवड्यांनी थकवा' असेल, तर मध्ये काहीतरी घडलं आहे. चांगला संशोधक ते पेपरमध्येच कारणासहित सांगतो.

पुढे 'साईट्स ऑफ स्टडी' हा तक्ता. कोणतं रुग्णालय, तिथला प्रमुख कोण, नीतिमत्ता समितीची मंजुरी मिळाली की नाही, सगळं ओळीने. सहकार्य खरं आहे की कागदावर, हे इथे दिसतं. पाच केंद्रांची नावं आहेत आणि मंजुरी दोघांचीच, असं वर्षानुवर्षं दिसलं तर बाकी तिघं कधी सुरूच झाली नाहीत असं समजायला हरकत नाही. प्रायोजक आणि पैशाचा स्रोतही याच पानावर.

आता पेपरवरून नोंदीकडे जायचं तसंच नोंदीवरून पेपरकडे या. नोंदवलेल्या किती ट्रायल छापून आल्या? पाच वर्षांपूर्वी संपलेली आणि कुठेच न छापलेली ट्रायल म्हणजे रुग्णांनी दिलेला वेळ आणि रक्त फुकट गेलं. निकाल 'काही फरक पडला नाही' असा आला की पेपर टेबलाच्या खणात राहतो, हा रोग जगभरचा आहे. ज्यांनी असे 'फरक नाही'वाले निकाल छापलेत त्यांच्याविषयी मला जास्त विश्वास वाटतो.

एक आडवळण. हेच पान पेशंटच्या घरच्यांनाही उघडता येतं. वॉर्डात कोणी "काकूंना स्टडीत घेऊ का" असं विचारलं आणि तुम्ही नात्यातले डॉक्टर म्हणून सल्ला द्यायचा असेल, तर आधी सीटीआरआय क्रमांक मागा. माहितीपत्रक आणि संमतीपत्रक मराठीत हवं आणि त्याची प्रत घरी न्यायला मिळायला हवी. ती देताना ज्यांच्या कपाळावर आठी येते, तिथे थांबलेलं बरं.

पायरी ६: सहकार्याचा नकाशा

कोऱ्या कागदाच्या मध्यभागी त्या डॉक्टरांचं नाव लिहा आणि भोवती सहलेखकांची. एकत्र एकच पेपर असेल तर बारीक रेघ, अनेक असतील तर जाड. वीसेक पेपरचा नकाशा काढला की चित्र बोलायला लागतं.

पहिलं बघा विद्यार्थी. त्यांच्या जुन्या पीजींची नावं पहिल्या जागी आहेत का? थीसिसवरून निघालेल्या पेपरमध्ये विद्यार्थी तिसऱ्या-चौथ्या नंबरवर ढकलला गेला असेल, तर उद्या तुमचीही जागा तीच. आणि ते विद्यार्थी पास होऊन गेल्यावरही त्यांच्यासोबत लिहितात का? दोन जुन्या विद्यार्थ्यांना फोन करा. दहा मिनिटांत जे कळेल ते नेटवर रात्रभर बसून कळणार नाही.

दुसरं, प्रयोगशाळा आणि गाव यांचं नातं. आपल्याकडे हे फार महत्त्वाचं, कारण आजार इथले आणि यंत्रं बाहेर. २०१६ च्या सुरुवातीला दोडामार्ग तालुक्यात माकडताप आला. गोचिडीतून पसरणारा हा विषाणू हाताळायला उच्च जैवसुरक्षेची प्रयोगशाळा लागते आणि ती पुण्याला, राष्ट्रीय विषाणू संस्थेत. म्हणजे नमुने पुण्याला जाणारच, त्यात काही गैर नाही. सिंधुदुर्गातल्या माकडतापावरच्या आणि शेजारच्या गोव्यातल्या काजू कामगारांच्या माकडतापावरच्या पेपरमध्ये लेखकांचे पत्ते वाचा: किती पुण्याचे, किती राज्याच्या आरोग्य खात्याचे, किती तालुक्यातले? ज्या मेडिकल ऑफिसरने तापाचा पेशंट पहिल्यांदा ओळखला आणि ज्या आरोग्यसेवकाने रानातल्या वाडीवर जाऊन रक्त घेतलं, ते लेखकांत आहेत, आभारात आहेत, की कुठेच नाहीत? मोठ्या संस्थेसोबत हात मिळवण्याआधी त्यांचे जुने पेपर या नजरेने चाळा. इथल्या माणसांना नाव देण्याची त्यांची सवय आहे का, हे छापीलच सापडतं.

तिसरा प्रकार इथेच मुळं धरलेला. डेरवणच्या वालावलकर रुग्णालयातून किशोरवयीन मुलींच्या आरोग्याचा पाठपुरावा करणारा मोठा अभ्यास उभा राहिला, त्याला नावही 'डेरवण' असंच दिलंय. असे 'कोहॉर्ट' अभ्यास वर्षानुवर्षं चालतात आणि एकाच गटातून अनेक पेपर निघतात. त्यामुळे असे पेपर मोजताना अभ्यास एक धरायचा, पेपर कितीही असोत. नवख्याला शिकायला मात्र ही सोन्यासारखी जागा: घरोघरी पाठपुरावा कसा करतात, मुलगी लग्न होऊन मुंबईला गेली तर तिला कसं गाठतात, हे कुठल्या पुस्तकात नाही.

चौथा, कंपनीच्या ट्रायल. प्रोटोकॉल बाहेरून येतो, इथले डॉक्टर केंद्रप्रमुख असतात. शिस्त उत्तम शिकायला मिळते, प्रश्न मात्र त्यांचा. परदेशी संस्था किंवा परदेशी पैसा असेल तर केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी सहसा लागते, ती आहे का विचारा.

पायरी ७: लाल झेंडे, थोडक्यात

मागे घेतलेले पेपर: पबमेडवर अशा पेपरच्या वर ठळक सूचना दिसते, आणि रिट्रॅक्शन वॉचचा मोफत डेटाबेसही आहे. एखादी प्रामाणिक दुरुस्ती छापली असेल तर तो गुणच. मागे घेण्याचं कारण वाचा.

मोठं नाव आणि मोठं जर्नल यांनी भुलू नका. मे २०२० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हायड्रॉक्सीक्लोरोक्विनवर एक पेपर आला: ६७१ रुग्णालयं, ९६ हजारांवर कोविड रुग्ण, लेखक चार. आकडे सर्जिस्फिअर नावाच्या कंपनीचे. शंका उठल्या, मूळ डेटा बाहेरच्या तपासणीसाठी द्यायला कंपनी तयार होईना, आणि दोन आठवड्यांत तीन लेखकांनी पेपर मागे घेतला, कारण ज्या माहितीवर सही केली तिची शहानिशा त्यांना स्वतःला करता येत नव्हती. म्हणून सहकार्यात पहिला प्रश्न हा: मूळ डेटा कोणाकडे, आणि तो मला बघता येईल का?

पैसे भरा आणि छापा असली जर्नल: चार दिवसांत स्वीकृती, मेलमध्ये लगेच बँकेचा खाते क्रमांक, संपादक मंडळावर कोण हे कळत नाही. यादीत असं एखादं असेल तर समजून घ्या, बढतीच्या दडपणाखाली भल्याभल्यांनी केलंय. ओळीने दहा असतील तर मात्र विचार करा.

एच-इंडेक्स हा आकडा हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली काढला. वीस म्हणजे किमान वीस पेपर असे, ज्यांना प्रत्येकी वीस तरी उल्लेख मिळालेत. वय वाढलं की तो वाढतो, हृदयरोगात जास्त निघतो, त्वचारोगात कमी. विंचूदंशावर काम करणाऱ्याची तुलना कर्करोगवाल्याशी करून काय मिळणार? बघा आणि पुढे चला.

पायरी ८: भेट आणि बोलणी

आता वहीतून एक पान तयार करा: मुख्य प्रश्न कोणता, त्यांचे तीन पेपर जे तुम्ही पूर्ण वाचलेत, चालू असलेली एखादी नोंदवलेली ट्रायल, आणि तुमचे दोन प्रश्न. पूर्ण पेपर मिळत नसेल तर पबमेड सेंट्रलवर बघा, नाहीतर पत्रव्यवहाराच्या लेखकाला मागा, बहुतेक जण आनंदाने पाठवतात. मग छोटा मेल. साधारण असा:

"आदरणीय मॅडम, मी ओरोसला मेडिसिनची पहिल्या वर्षाची पीजी. भातलावणीच्या दिवसांतल्या लेप्टोवरचा आपला पेपर वाचला. त्यात उशिरा दाखल झालेले रुग्ण वेगळे दाखवले आहेत; उशीर होण्याची कारणं आपण नोंदवली होती का, हे विचारायचं होतं. याच विषयावर थीसिस करायची इच्छा आहे. येत्या आठवड्यात ओपीडी संपल्यावर पंधरा मिनिटं भेटता येईल का?"

'आपल्या महान कार्याने प्रेरित होऊन' वगैरे नको. पेपर वाचल्याचं एका नेमक्या प्रश्नातून कळतं, आणि उत्तरही लवकर येतं.

भेटीत काम ठरलं तर काही गोष्टी तिथेच विचारायच्या. सर-मॅडमना असं विचारणं आपल्याकडे अवघड वाटतं, पण थीसिस संपल्यावर विचारणं त्याहून अवघड. पहिला लेखक कोण? डेटा कोणाच्या लॅपटॉपवर आणि मला तो नंतर वापरता येईल का? नीतिमत्ता समितीकडे अर्ज कोण करणार आणि सीटीआरआयची नोंदणी कोणाच्या नावाने? छापण्याचं शुल्क आलं तर कोण भरणार? मी बदलून गेले किंवा गेलो तर माझ्या नावाचं काय? आशाताई आणि आरोग्यसेवक माहिती गोळा करणार असतील तर त्यांना मानधन आणि श्रेय कसं? "नम्रपणे विचारते, नंतर गैरसमज नको म्हणून" एवढी सुरुवात पुरते. ज्यांनी खरंच ट्रायल चालवलीत ते याला वाईट मानत नाहीत. उलट यादीत दोन मुद्दे स्वतःहून घालतात.

घरी येऊन त्याच संध्याकाळी ठरलेले मुद्दे सहा-सात ओळींत त्यांना मेल करा. 'ओके' एवढंच उत्तर आलं तरी चालेल. तो मेल सिनॉप्सिसच्या (थीसिसच्या आराखड्याच्या) फोल्डरमध्ये ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी नीतिमत्ता समितीच्या पुढच्या बैठकीची तारीख विचारून या, कारण ती तारीख हुकली की पुढची कधी लागेल ते कार्यालयातल्या क्लार्कलाच ठाऊक असतं.